वहीतून कॅलेंडरवर: छोट्या दवाखान्यात अपॉइंटमेंट आणि आठवणीची घडी बसवताना

दवाखान्याच्या काउंटरवर जी लांबट वही असते, तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती एकच असते. वेळ फोनवर दिलेली असो, जिन्यात भेटून दिलेली असो किंवा डॉक्टरांनी परस्पर कुणाला कबूल केलेली असो, शेवटी तिला त्या वहीत यावंच लागतं. कॅलेंडर सॉफ्टवेअर घेतल्यावर पहिला घोळ होतो तो इथेच. थोडं वहीत, थोडं मोबाईलवर, थोडं व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये, आणि साडेपाचला दोन पेशंट बाकावर शेजारी शेजारी बसलेले. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीसाठी आहे: नोंद एकाच जागी राहावी, आणि पेशंटला पाठवलेल्या आठवणीचं उत्तर त्याच जागी परत यावं.

उदाहरण पुण्यातल्या एका खुर्चीच्या दातांच्या दवाखान्याचं घेतलं आहे. सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ९, काउंटरवर एक ताई, दिवसाला १२ ते १५ पेशंट. फिजिओथेरपी, पार्लर, करसल्लागाराचं ऑफिस किंवा गाण्याची शिकवणी असेल तर मिनिटांचे आकडे बदला, रीत तीच. साधनं दोनच आणि दोन्ही फुकट: गुगल कॅलेंडर आणि व्हॉट्सॲप बिझनेस. विकतच्या सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. ते आधी घेऊ नका. स्वतःच्या कामाला किती वेळ लागतो हेच माहीत नसताना घेतलेलं सॉफ्टवेअर दोन महिन्यांत बंद पडतं, आणि दोष मात्र त्याला दिला जातो.

आधी एक आठवडा वहीतच

सोमवार ते शनिवार वहीत तीन जादा रकाने आखा: खुर्चीवर बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, कामाचा प्रकार. चौथा रकाना न आलेल्यांसाठी ठेवा, आणि कळलं तर कारणही लिहा: विसरले, बस मिळाली नाही, वार चुकला, दुखायचं थांबलं.

आठवड्याने बेरीज करा. साधारण असं चित्र दिसतं: तपासणी १५ मिनिटं, दात साफ करणं ३०, फिलिंग ३० ते ४५, रूट कॅनालची एक बैठक ४५ ते ६०. तुमचे आकडे वेगळे असतील आणि तेच खरे धरायचे. त्यात खुर्ची पुसणं, ट्रे बदलणं, पुढची वेळ देणं, पैसे घेणं यांची ८ ते १० मिनिटं मिळवा. ही मिनिटं वहीत कधी दिसत नाहीत, कारण वहीतल्या ओळीला लांबी नसते. कॅलेंडरमध्ये प्रत्येक नोंद एक चौकोन असतो, आणि चौकोन छोटा काढला तर संध्याकाळी सातपर्यंत पाऊण तासाचा उशीर साचलेला असतो.

हत्यारांच्या संचांचाही विचार इथेच करा. साफसफाईचे दोनच संच असतील आणि ऑटोक्लेव्हच्या (हत्यारं वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राच्या) एका फेरीला वाळवण्यासकट पाऊण तास लागत असेल, तर सलग तीन क्लीनिंग लावता येणार नाहीत. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसतं. दोन क्लीनिंगच्या मध्ये एखादं फिलिंग टाकायचं, हा नियम काउंटरवर चिठ्ठी चिकटवूनच पाळावा लागतो.

खातं दवाखान्याचं, माणसाचं नाही

डॉक्टरांच्या वैयक्तिक जीमेलवर हे उभारू नका. दवाखान्यासाठी वेगळं गुगल खातं काढा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल डॉक्टरांचे द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर पडताळणी) चालू करा, बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा.

आता काउंटरवरच्या ताईंना या खात्याचा पासवर्ड देऊ नका. पासवर्ड वाटला की पडताळणीचा कोड डॉक्टरांच्या फोनवर येतो, डॉक्टर हातमोजे घालून रूट कॅनाल करत असतात, आणि काउंटरवर पेशंट ताटकळतो. त्याऐवजी ताईंचं स्वतःचं किंवा काउंटरसाठी काढलेलं दुसरं खातं कॅलेंडरला जोडा. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडा, डावीकडे कॅलेंडरच्या नावापुढचे तीन ठिपके, ‘सेटिंग्ज अँड शेअरिंग’, तिथे खात्याचा पत्ता घाला. परवानगी ‘मेक चेंजेस टू इव्हेंट्स’ एवढीच द्या. शेअरिंग सांभाळण्याची परवानगी डॉक्टरांकडेच राहू दे. मोबाईलच्या ॲपमध्ये ही सोय नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. उद्या ताईंनी नोकरी सोडली तर याच पानावरून नाव काढलं की काम झालं. पासवर्ड बदलण्याची धावपळ नाही.

त्याच सेटिंग्जमध्ये टाईम झोन बघा. ‘इंडिया स्टँडर्ड टाईम – कोलकाता’, ग्रीनिच अधिक ५:३०, असं असायला हवं. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपवर खातं काढलं तर इथे दुसरंच शहर असू शकतं, मग सगळ्या वेळा काही तासांनी सरकलेल्या दिसतात. वेळ बारा तासांच्या पद्धतीने दाखवायची की चोवीस, हेही ठरवा. चोवीस तासांची बरी. १७:३० लिहिलं की सकाळ-संध्याकाळची गल्लत होत नाही. पहिले चार दिवस जड जातं, मग हात बसतो.

मांडणी

खुर्ची एक, तर कॅलेंडर एक. दोन डॉक्टर एकाच वेळी दोन खुर्च्यांवर काम करत असतील तरच दोन कॅलेंडरं. कामाच्या प्रकारासाठी वेगळी कॅलेंडरं काढू नका, त्यासाठी रंग आहेत. रंगही चारच ठेवा: तपासणी, छोटं काम, लांब काम, आणि राखाडी म्हणजे बंद. दहा रंग केले की कुणालाच आठवत नाहीत.

नव्या नोंदीची आपोआप येणारी लांबी, म्हणजे ‘डिफॉल्ट ड्युरेशन’, तुमच्या सगळ्यात नेहमीच्या कामाइतकी करा. नाहीतर प्रत्येक वेळी चौकोन ओढून लहान-मोठा करावा लागतो, आणि फोन कानाला असताना ते होत नाही.

रोज संध्याकाळी एक अर्ध्या तासाचा चौकोन रिकामा राखून ठेवा, साडेसातच्या सुमारास. सुजलेला गाल घेऊन आलेल्यासाठी ही जागा. त्या दिवशी कुणी आलं नाही तर साचलेला उशीर तिथे भरून निघतो. ही जागा आगाऊ विकायची नाही. कुणी कितीही ओळखीचं असलं तरी नाही.

बंद वेळा आधी भरा

पेशंटची पहिली नोंद करण्याआधी ज्या वेळा द्यायच्याच नाहीत त्या भरून टाका. दुपारी १ ते ५ आणि रविवार ‘रिपीट’ लावून राखाडी करा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, काही भागात पाणीही बंद असतं. कॉम्प्रेसर आणि सक्शन विजेवर चालतात, तेव्हा तुमच्या भागाची सूचना आली की त्या गुरुवारची सकाळ बंद करा.

पूर्ण दिवसाच्या सुट्टीत एक फसवी गोष्ट आहे. गुगल कॅलेंडरमध्ये ‘ऑल डे’ नोंद केली की ती आपोआप ‘फ्री’ धरली जाते. वर ‘दवाखाना बंद’ असं ठळक दिसतं, पण ऑनलाईन बुकिंगच्या पानाला तो दिवस मोकळाच वाटतो आणि ते खुशाल वेळा देत सुटतं. नोंद उघडा, ‘फ्री’च्या जागी ‘बिझी’ करा. हे एक बटण विसरल्याने सुट्टीच्या दिवशी बंद दारासमोर पेशंट उभा राहतो.

सण भरताना ‘दरवर्षी’ हा पर्याय फक्त इंग्रजी तारखेच्या दिवसांना लावा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिथीच्या सणांना तो चालत नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती; २०२६ मध्ये अधिक महिना आल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीची नोंद ‘दरवर्षी’ करून ठेवली असेल तर भलताच दिवस बंद राहील आणि चतुर्थीला वेळा दिल्या जातील. नवं पंचांग हाती आलं की अर्धा तास बसून वर्षभराच्या तिथी हातानेच भरायच्या. त्याला दुसरा मार्ग नाही.

गुगलचं भारतातल्या सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर चालू करता येतं, पण त्यात पुण्याचे रस्ते नसतात. पेठांमध्ये दवाखाना असेल तर अनंत चतुर्दशीचा दिवस आणि दुसरी सकाळ दोन्ही बंद धरा. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर या रस्त्यांवरून गाडी आणता येत नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेकडच्या दवाखान्यांनी लांबून येणाऱ्या पेशंटना त्या दिवसांत वेळ देऊच नये. कोथरूड किंवा सहकारनगरला असाल तर दवाखाना चालू ठेवा, मात्र नदीपलीकडून येणाऱ्यांना आधी विचारा.

‘रिपीट’ लावलेली नोंद बदलताना कॅलेंडर विचारतं: फक्त हीच, ही आणि पुढच्या, की सगळ्या? घाईत ‘सगळ्या’ निवडलं की एका शनिवारची दुपार उघडायला जाऊन वर्षभराच्या दुपारी उघड्या पडतात. चूक लगेच लक्षात आली तर खाली ‘अनडू’ काही क्षण दिसतं. डिलीट झालेली नोंद ‘बिन’मध्ये सुमारे ३० दिवस राहते, तिथून परत आणता येते.

फोनवर वेळ देताना

मराठीत वेळ सांगण्याची पद्धत गोड आहे आणि नोंदीच्या दृष्टीने धोक्याची. पावणेसहा, सव्वासहा आणि साडेसहा यांतला पहिला भाग फोनवर गाडीच्या आवाजात बुडाला की उरतं फक्त ‘सहा’. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला की येणारा, ते क्रियापदावरून कळतं, आणि क्रियापद ऐकू आलंच असेल असं नाही. ‘येत्या सोमवारी’ आणि ‘पुढच्या सोमवारी’ हा तर घरोघरी वादाचा विषय: शुक्रवारी बोलताना कुणाला ‘पुढचा’ म्हणजे तीन दिवसांनी वाटतो, कुणाला दहा दिवसांनी.

म्हणून फोनवर चार गोष्टी याच क्रमाने बोलायच्या: वार, तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, आणि वेळ दोन प्रकारे.

‘ताई, मला पुढच्या शुक्रवारी चालेल.’
‘शुक्रवार, १९ तारीख. संध्याकाळी साडेपाच, म्हणजे पाच वाजून तीस मिनिटं. बरोबर ना, आजी?’
‘हो हो, एकोणीसला.’
‘लिहिते मी. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज करीन, चालेल ना? की फोन करू?’

शेवटचं वाक्य विसरू नका. मेसेज पाठवण्याची परवानगीही त्यात येते, आणि आजी व्हॉट्सॲप बघतात की नातू दाखवेल तेव्हाच बघतात, हेही कळतं. ‘फोन’ असं उत्तर आलं तर नोंदीच्या नावापुढे ‘फो’ लिहा.

नोंद फोन चालू असतानाच करायची, ठेवल्यावर नाही. शीर्षकाचा साचा ठरवून घ्या: आडनाव, नावाचं पहिलं अक्षर, कामाची खूण, बैठक. जसं ‘कुलकर्णी म. – रूक २/३’, म्हणजे रूट कॅनालच्या तीनपैकी दुसरी बैठक. मोबाईल नंबर खाली ‘डिस्क्रिप्शन’मध्ये. पुण्यात एका आडनावाची चार माणसं एका आठवड्यात सहज येतात, त्यामुळे नंबर हीच खरी ओळख.

आजाराचा तपशील, मधुमेह, गर्भारपण, कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही कॅलेंडरमध्ये लिहू नका. काउंटरचा पडदा समोरच्या पेशंटला दिसतो, फोनची सूचना लॉक स्क्रीनवर झळकते. ते केस पेपरवरच राहू दे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही हेच सांगतो: ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती ठेवायची.

आणखी एक. भरलेल्या चौकोनावर दुसरी नोंद हाताने केली तर गुगल कॅलेंडर अडवत नाही. दोन्ही शेजारी शेजारी अरुंद करून दाखवतं. नोंद ‘सेव्ह’ केली की एकदा त्या तासाकडे बघायचं. अरुंद पट्टे दिसले की दुहेरी बुकिंग झालं.

आठवण म्हणजे प्रश्न

नव्याने सुरुवात करणारे हमखास इथे फसतात. कॅलेंडरमधलं ‘नोटिफिकेशन’ तुम्हाला वाजतं, पेशंटला नाही. एका नोंदीला पाचपर्यंत नोटिफिकेशन लावता येतात, पण ती सगळी खातं उघडलेल्या फोनवर, कॉम्प्युटरवर किंवा त्या खात्याच्या ईमेलवरच येतात. कॅलेंडरमधून एसएमएस येण्याची जुनी सोय गुगलने जानेवारी २०१९ मध्ये बंद केली. पेशंटला ‘गेस्ट’ म्हणून जोडलं तर ईमेल जातो. तो किती जण बघतात ते तुम्हीच ठरवा. शिकवणाऱ्या जुन्या व्हिडिओंत ‘रिमाइंडर’ नावाचा पर्याय दाखवतात, तो २०२३ पासून ‘टास्क’मध्ये विलीन झाला आहे. ‘सहा महिन्यांनी यांना फोन करायचा’ अशा कामासाठी टास्क उत्तम, कारण तो पूर्ण केल्याची खूण करेपर्यंत राहतो.

पेशंटसाठी व्हॉट्सॲप बिझनेस. दवाखान्याचं वेगळं सिम घ्या, ॲपमध्ये पत्ता, नकाशा आणि वेळा भरा. एका खात्याला चार जादा उपकरणं जोडता येतात, त्यामुळे काउंटरच्या कॉम्प्युटरवरही तेच चॅट दिसतं. मूळ फोन मात्र १४ दिवसांतून एकदा तरी उघडायला हवा, नाहीतर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात. तो फोन कपाटात ठेवून विसरू नका.

‘क्विक रिप्लाय’मध्ये मेसेज साठवा, चॅटमध्ये तिरकी रेघ टाईप केली की यादी समोर येते. मेसेज असा:

‘नमस्कार. उद्या शुक्रवार, १९ जून, संध्याकाळी ५:३० वाजता आपली दवाखान्यात वेळ ठरली आहे. येणार असाल तर १ आणि वेळ बदलायची असेल तर २ असं उत्तर पाठवा. आपल्या उत्तराची वाट पाहतो.’

खाली दवाखान्याचं नाव आणि ओळखीची खूण: कर्वे पुतळ्याजवळ, पहिला मजला, लिफ्ट आहे. ‘लिफ्ट आहे’ हे दोन शब्द गुडघे दुखणाऱ्यांसाठी मोलाचे.

या मेसेजातलं शेवटून दुसरं वाक्य काढून टाकलं तर उरते नुसती माहिती. माहिती वाचून माणूस मनात ‘हं’ म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. येणार नसलेला माणूस आपणहून फोन करत नाही. त्याला संकोच वाटतो. ‘२’ पाठवणं मात्र सोपं असतं. तो एक आकडा संध्याकाळी साडेसहाला आला तर उद्याची साडेपाचची जागा दुसऱ्या कुणाला देता येते. दोन निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे, हे काउंटरवर पक्कं ठरवा.

वेळापत्रक साधं ठेवा. आदल्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता दुसऱ्या दिवसाच्या सगळ्यांना मेसेज. १५ पेशंटना २० मिनिटं लागतात. रात्री ८ वाजता उत्तरं बघायची: ‘१’ आलेल्यांच्या शीर्षकाआधी बरोबरची खूण, ‘२’ आलेल्यांना तिथल्या तिथे नवी वेळ, उत्तर न आलेल्यांना फोन. ठरलेल्या दिवशी पुन्हा मेसेज फक्त लांब कामाच्या पेशंटना, वेळेच्या तीन तास आधी. सगळ्यांना सगळं पाठवत गेलं की लोक चॅट म्यूट करतात, आणि मग खरी गरज असते तेव्हाही मेसेज वाचला जात नाही. सहा महिन्यांनी बोलावलेल्यांना एक आठवडा आधी वेगळा मेसेज हवा, कारण तो दिवस त्यांच्या ध्यानात नसतोच.

सगळ्यांना एकदम पाठवावं म्हणून ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ करण्याचा मोह होतो. तो मेसेज ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, बाकीच्यांना जातच नाही. शिवाय प्रत्येकाची वेळ वेगळी. दिवाळीच्या सुट्ट्या कळवायला ठीक, आठवणीला नाही. आणि ग्रुप तर मुळीच करू नका: सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात.

एसएमएस हवाच असेल तर

स्मार्टफोन नसलेले पेशंट पुष्कळ असतील तर एसएमएस लागतो. दवाखान्याच्या नावाने आपोआप जाणारे एसएमएस कुणालाही पाठवता येत नाहीत. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी लागते, म्हणजे पाठवणारा कोण आणि मेसेज काय हे मोबाईल कंपन्यांकडे आधी नोंदवावं लागतं. क्रम असा: एखाद्या मोबाईल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर दवाखान्याची नोंदणी, मग सहा अक्षरांचा हेडर (नंबराऐवजी पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतो तो), मग मेसेजचा मसुदा मंजूर करून घेणं. मसुद्यात बदलणाऱ्या जागा, म्हणजे नाव, तारीख, वेळ, आधीच मोकळ्या दाखवाव्या लागतात. मंजूर मसुद्यापेक्षा पाठवलेल्या मेसेजात एक जादा पूर्णविराम किंवा मोकळी जागा असली तरी तो अडतो, आणि पेशंटला काहीच पोचत नाही. मेसेजात लिंक टाकायची असेल तर तीही आधी नोंदवावी लागते.

मराठी मेसेजची लांबी मोजताना फसगत होते. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि मेसेज लांबून जोडला गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७. पैसे तुकड्यागणिक. डोळ्याला ‘शुक्रवारी’ चार अक्षरांचा शब्द दिसतो. फोन त्याचा उकार, पाय मोडल्याची खूण, काना, वेलांटी सगळं वेगळं मोजून नऊ धरतो. हा मेसेज बघा: ‘उद्या शुक्र. १९ जून, सायं. ५:३० ला आपली वेळ आहे. बदलासाठी फोन करा.’ इतका आवळूनही तो ६६ भरतो. दवाखान्याचं नाव तर लिहायलाच हवं, ते जोडलं की दोन एसएमएसचे पैसे. तेव्हा सुरुवातीपासून दोन तुकडे धरूनच हिशेब करा, आणि १३४ अक्षरांत नीट वाचता येईल असं लिहा.

हेडरवरून आलेल्या एसएमएसला उत्तर देता येत नाही. म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय गेली. म्हणून एसएमएस पाठवलेल्या पेशंटना रात्री आठचा फोन ठरलेलाच.

ऑनलाईन बुकिंगचं पान

गुगल कॅलेंडरमध्ये ‘अपॉइंटमेंट शेड्यूल’ आहे. साध्या खात्यावर असं एक पान फुकट करता येतं. पहिल्या महिन्यात ते उघडू नका. उघडाल तेव्हा दिवसातला एकच तास, फक्त नव्या पेशंटच्या तपासणीसाठी द्या. रूट कॅनालला किती वेळ लागेल हे पेशंटला ठरवता येत नाही. तीन गोष्टी नक्की भरा: कमीत कमी किती तास आधी बुकिंग (१२ पुरेत), दोन वेळांमधली मोकळी जागा (१० मिनिटं), दिवसाला जास्तीत जास्त किती (३). उपलब्धता बघताना ते कोणतं कॅलेंडर तपासतं ते उघडून बघा. खुर्चीचं कॅलेंडर वेगळं काढलं असेल आणि पान दुसऱ्याच कॅलेंडरकडे बघत असेल तर दुहेरी बुकिंग ठरलेलं. मग दुसऱ्या खात्यावरून स्वतः एक खोटी वेळ घेऊन, रद्द करून बघा.

वही कधी बंद करायची

दोन आठवडे वही आणि कॅलेंडर दोन्ही चालवा, पण नोंद आधी कॅलेंडरमध्ये आणि रात्री त्यावरून वहीत. उलट क्रम लावला तर कॅलेंडर नेहमी मागेच राहतं. पंधराव्या दिवशी वही कपाटात. ती काउंटरवर राहिली तर गर्दीच्या वेळी पेन तिच्याकडेच जाणार. डॉक्टरांसाठीही नियम तोच: लग्नात भेटलेल्या मित्राला परस्पर वेळ द्यायची असेल तर तिथेच फोन काढून कॅलेंडरमध्ये लिहायची.

वहीची एक गोष्ट मात्र कॅलेंडरला साधत नाही: वीज गेली तरी ती वाचता येते. कॉम्प्युटरवर कॅलेंडर ऑफलाईन फक्त दिसतं, बदलता येत नाही. मोबाईलवर नोंद होते, पण नेट येईपर्यंत ती दुसऱ्या फोनला दिसत नाही, आणि तेवढ्यात तिथून तीच वेळ दिली जाऊ शकते. म्हणून रोज सकाळी दिवसाचं पान छापा, एक कागद. नेट गेलं की त्यावरच लिहायचं आणि आलं की सगळ्यात आधी ते कॅलेंडरमध्ये उतरवायचं.

सूचना वाजत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा फोनच्या बॅटरी बचतीमुळे असते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये कॅलेंडर आणि व्हॉट्सॲप या दोन्ही ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ दुपारी लागून तसंच राहिलं आहे का ते बघा.

न आलेल्याची नोंद डिलीट करू नका. शीर्षकाआधी ‘ना’ लिहा. महिनाअखेर आठवडे बघत ‘ना’ मोजले की कुठला वार, कुठला तास पोकळ जातो ते दिसतं. रद्द झालेली जागा भरण्यासाठी ‘लवकर मिळाली तर हवी’ अशा पाच-सहा नावांची यादी टास्कमध्ये ठेवा. त्यात जवळ राहणारे वर. एरंडवण्यातला माणूस वीस मिनिटांत येईल, वाघोलीचा संध्याकाळच्या रहदारीत येऊ शकणार नाही.

विकतचं सॉफ्टवेअर

दिवसाला २५ च्या वर पेशंट, दोनहून जास्त डॉक्टर, किंवा संध्याकाळचे मेसेज पाठवायला कुणीच मोकळं नसणं, यातलं एक झालं की विकतचं घ्यायला हरकत नाही. तोवर तुमच्याकडे दोन-तीन महिन्यांची खरी मिनिटं आणि ‘ना’चा आकडा असेल, आणि विकणाऱ्याला नेमकं विचारता येईल. व्हॉट्सॲपचे आपोआप मेसेज मंजूर साच्यांतून जातात आणि त्यांना दर मेसेजमागे आकार पडतो. तो वर्गणीत धरला आहे की वेगळा? मेसेज कुणाच्या नंबरवरून जाणार, आणि पेशंटने ‘२’ पाठवलं तर ते कुठे दिसणार? साच्यात मराठी चालतं का? पेशंटने उत्तर दिलं की नोंद आपोआप बदलते, की कुणीतरी बघून बदलायची?

आणि करार करण्याआधी दहा नोंदी भरून त्या फाईलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगा. नावं, नंबर, तारखा आणि वेळा सगळ्या नीट बाहेर येत असतील तरच पुढे जा. गुगल कॅलेंडरमधून अशी फाईल ‘इंपोर्ट अँड एक्सपोर्ट’मध्ये मिळते, दर महिन्याच्या १ तारखेला ती उतरवून पेनड्राईव्हवर ठेवायची, त्यासाठी ‘दरमहा’ असा एक टास्क आजच लावा.